हातातला जीपीएस: जागा कशी कळते, दुसऱ्याला कशी कळवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळी ट्रेक सुरू होण्याआधी आमचा गट दरवर्षी एक संध्याकाळ फक्त जीपीएससाठी ठेवतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचं, प्रत्येकाने आपापलं यंत्र किंवा मोबाइल बाहेर काढायचा आणि मनातलं विचारायचं. गेली काही वर्षं वेसाव्याचे दोन नाखवाही येतात. त्यांच्या बोटीवरचं यंत्र आमच्यापेक्षा वेगळं, पण शंका बहुतेक त्याच. दरवेळी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे, म्हणजे ज्यांना यायला जमत नाही त्यांनाही वाचता येतील.

माझा जीपीएस उपग्रहाला "मी कुठे आहे" असं विचारतो का?

नाही. तो उपग्रहाला काहीच विचारत नाही, काहीच सांगत नाही. तो फक्त ऐकतो. घरातला ट्रान्झिस्टर आकाशवाणी ऐकतो तसंच. आकाशवाणीच्या मनोऱ्याला आपल्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू आहे हे कळत नाही आणि एक श्रोता वाढला म्हणून आवाज कमी होत नाही. म्हणूनच जीपीएसला रिचार्ज लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला तरी नकाशावरचा निळा ठिपका चालत राहतो.

याची दुसरी बाजू जिवाशी संबंधित आहे. दुकानात दहा-वीस हजार मोजून यंत्र घेतलेले लोक मला विचारतात, "आता हरवलो तर शोधणाऱ्यांना मी दिसेन ना?" नाही दिसणार. तुम्ही कुठे आहात हे फक्त तुम्हाला कळेल. जागा कळणं हे एक काम आहे आणि जागा कळवणं हे पूर्ण वेगळं काम. त्याला वेगळी वाट लागते. मोबाइल, रेडिओ, उपग्रहावरून जाणारा संदेश, काहीतरी. खालची निम्मी उत्तरं या एकाच गोष्टीबद्दल आहेत.

मग नुसतं ऐकून जागा कशी कळते?

वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत लहानपणी आपण सगळ्यांनीच आकडे मोजले आहेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर. जीपीएसचं मूळ एवढंच आहे: संदेश निघाला कधी, पोचला कधी, मधला वेळ किती, त्यावरून अंतर किती.

प्रत्येक उपग्रह अखंड दोन गोष्टी सांगत असतो, "आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले" आणि "मी आकाशात या जागी आहे". जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि पृथ्वीभोवती एक फेरी बारा तासांना दोन मिनिटं कमी असताना पुरी करतात. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर येतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश सुमारे ६७ मिलिसेकंदांत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) पोचतो, क्षितिजाजवळच्याला थोडा अधिक वेळ लागतो. त्या फरकातूनच अंतर निघतं.

आता अंतरावरून जागा. समजा तुम्हाला एवढंच सांगितलं की तुम्ही सीएसएमटीपासून सरळ रेषेत पावणेनऊ किलोमीटरवर आहात. नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं तर तुम्ही त्यावर कुठेही असू शकता, दादरला किंवा भर समुद्रात. मग सांगितलं की ठाणे स्टेशनपासून तुम्ही सव्वातेवीस किलोमीटरवर आहात. दुसरं वर्तुळ काढा. दोन्ही वर्तुळं फक्त दोन ठिकाणी छेदतात: एक दादर स्टेशनजवळ, दुसरं शिवडीच्या पूर्वेला बंदराच्या पाण्यात. तिसरं अंतर मिळालं की दोघांपैकी खरं कुठलं ते ठरतं. कट्ट्यावर आम्ही हे खरोखर कागदी नकाशा आणि कंपास घेऊन करतो. एकदा हाताने काढलं की आयुष्यभर विसरत नाही. उपग्रहांच्या बाबतीत वर्तुळांच्या जागी मोठमोठे गोल येतात, हिशेब तोच.

तीन उपग्रहांनी भागतं तर चौथा कशाला?

घड्याळासाठी. उपग्रहात अणुघड्याळ असतं. आपल्या हातातल्या यंत्रात असतं साधं क्वार्ट्झ, मनगटावरच्या घड्याळासारखं. ते सेकंदाच्या एक हजाराव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० किलोमीटरने चुकतं, म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत जवळजवळ कोल्हापूर. त्यामुळे यंत्र आपल्या घड्याळावर विश्वासच ठेवत नाही. अक्षांश, रेखांश, उंची आणि "माझं घड्याळ किती चुकलं आहे" अशा चार अज्ञात राशी धरतं आणि त्यासाठी चार उपग्रहांची चार समीकरणं सोडवतं. हिशेब सुटला की जागेबरोबर अचूक वेळही फुकट मिळते. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट ही आहे: तळहातावरचं स्वस्त घड्याळ दर सेकंदाला अणुघड्याळाशी जुळवून घेतं.

उपग्रहातल्या घड्याळांनाही एक दुरुस्ती लागते. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ती जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. बाकी उरतात ३८. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून उपग्रहातल्या घड्याळांची कंपनसंख्या जमिनीवरच किंचित कमी ठेवून मगच ते वर पाठवतात. आइन्स्टाइनचा सिद्धांत आपल्याला कुठे भेटतो असं शाळेतलं मूल विचारेल तेव्हा हे सांगा.

यंत्र चालू केल्यावर पहिली जागा दाखवायला इतका वेळ का लागतो?

कारण उपग्रह नेमका कुठे आहे हे त्याने आधी ऐकून घ्यायला हवं. ही माहिती फार सावकाश येते, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाचा स्वतःचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ पंचांगासारखी यादी पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र कित्येक महिने कपाटात पडून असेल, किंवा तुम्ही ते विमानाने दूरच्या गावाहून आणलं असेल, तर त्याला सुरुवातीपासून ऐकावं लागतं.

मोबाइल मात्र पटकन जागा दाखवतो, कारण तो हीच माहिती नेटवर्कवरून उतरवून घेतो आणि शिवाय आसपासचे टॉवर आणि वायफाय यांवरून अंदाज बांधून ठेवतो. नेटवर्क गेलं की ही मदत जाते. म्हणून पायथ्याच्या गावात, मोकळ्या जागेत, चहा होईपर्यंत यंत्र चालू करून दगडावर ठेवा. झाडीत शिरल्यावर चालत चालत पहिला फिक्स, म्हणजे पहिली पक्की जागा, घ्यायला गेलात तर फार वेळ लागतो.

जीपीएस, ग्लोनास, नाविक यांत फरक काय? भारताचं वापरता येतं का?

जीपीएस अमेरिकेचं, १९९५ पासून पूर्ण क्षमतेने चालू. ग्लोनास रशियाचं, गॅलिलिओ युरोपचं, बैदू चीनचं. आजची बहुतेक यंत्रं यांतल्या अनेकांना एकदम ऐकतात. उपग्रह जितके अधिक दिसतील तितकं दरीत बरं, त्यामुळे सेटिंगमध्ये सगळे चालू ठेवा.

नाविक आपलं, इस्रोचं. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि तेव्हाच हे नाव मिळालं. पल्ला भारत आणि सभोवतालचे सुमारे १५०० किलोमीटर. सुरुवातीच्या काही उपग्रहांतली बाहेरून आणलेली अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियम अणुघड्याळ आहे आणि छोट्या यंत्रांना सोपी पडणारी एल-वन लहरही त्यात जोडली गेली. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये गेला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. मला नाविकचं मनापासून कौतुक आहे आणि ते भक्कम व्हावं असं वाटतं. आज तरी हातातल्या यंत्रात त्याला जीपीएसचा सोबती म्हणूनच धरा.

स्क्रीनवर "अचूकता ३ मीटर" असं येतं. त्यावर किती विसंबायचं?

तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, ट्रेकचं यंत्रही त्याच घरातलं. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून देत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. तो बिघाड तेव्हापासून बंद केला आहे.

पण मुंबईत मोकळं आकाश कुठे सापडतं? लोअर परळला दोन काचेच्या टॉवरांमधून चाललात तर संकेत एका इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेने येतो. जास्तीचं अंतर यंत्राला खरं वाटतं आणि ठिपका रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उडी मारतो. कोस्टल रोडच्या मलबार हिलखालच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात किंवा भुयारी मेट्रोत तर काहीच ऐकू येत नाही. तिथे ठिपका पुढे सरकताना दिसला तर तो मोबाइलने वेगावरून आणि इतर खुणांवरून बांधलेला अंदाज असतो. सह्याद्रीतल्या नाळेत हेच होतं. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची एक पट्टी. उपग्रह चार दिसले तरी ते सगळे एका ओळीत असतात आणि वर्तुळं इतकी तिरकी छेदतात की छेदनबिंदू पसरट होतो. अशा वेळी ठिपक्यापेक्षा पायाखालची मळलेली वाट खरी धरा.

आणखी एक कारण आपल्या भागाचं आहे. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना संकेत रेंगाळतो आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ हा थर जास्त चंचल असतो, विशेषतः सूर्यास्तानंतर. या अभ्यासाशी मुंबईचं जुनं नातं आहे. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्या नोंदी बिघडवणार म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली, तिथे १९०४ पासून काम चालू आहे. संकेतातल्या या चुका कमी करण्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी गगन ही सेवा उभी केली. मुख्यतः ती विमानांसाठी आहे, पण यंत्रात एसबीएएस (गगनसारख्या दुरुस्ती-सेवांचं सामायिक नाव) असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

जुहूच्या वाळूत उभा होतो आणि उंची उणे साठच्या खाली दाखवत होती. यंत्र बिघडलं का?

नाही. उपग्रहांचा हिशेब पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारावर चालतो. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणानुसार खालीवर असते आणि भारताच्या आसपास ती त्या गणिती आकाराच्या बरीच खाली आहे. मुंबईत हा फरक साठ-पासष्ट मीटरच्या घरात. चांगलं यंत्र आतल्या तक्त्यावरून तो वजा करून दाखवतं, काही मोबाइल अ‍ॅप कच्चा आकडाच दाखवतात. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ च्या जागी १५८० च्या आसपास आकडा आला तर कारण हेच. उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा नेहमीच मोठी असते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात, खालून ऐकू येणारा एकही नसतो.

जुन्या टोपोशीटवर माझा बिंदू चुकीच्या सोंडेवर पडतो. का?

सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (डोंगर-वाटांचे नकाशे) पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापावर आहेत, जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' नावाच्या नव्या मापावर. मुंबईच्या परिसरात दोन्हींमध्ये शे-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये नकाशाचं माप बदला किंवा नव्या ओपन सिरीज नकाशांचा वापर करा.

अक्षांश-रेखांश सांगताना लोक एवढे चुकतात कुठे?

इथे मी थोडं थांबणार आहे, कारण यंत्राच्या चुकीपेक्षा या चुकीने जास्त घात होतो.

गेटवे ऑफ इंडियाची एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते:

१८.९२२०० उत्तर, ७२.८३४७० पूर्व (अंश आणि दशांश)
१८° ५५.३२०′ उत्तर, ७२° ५०.०८२′ पूर्व (अंश आणि मिनिटं)
१८° ५५′ १९.२″ उत्तर, ७२° ५०′ ०४.९″ पूर्व (अंश, मिनिटं, सेकंद)

मोबाइलचे नकाशे पहिली तऱ्हा वापरतात, समुद्रावरचे लोक दुसरी. हातातली यंत्रं बरेचदा दुसऱ्या तऱ्हेवर सेट होऊन येतात, आणि आपण ते बदलतच नाही. आता दुसरी तऱ्हा वाचून कोणी "अठरा, पंचावन्न, बत्तीस" असं फोनवर सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १८.५५३२ लिहून घेतलं, तर गेटवे थेट रेवदंड्याच्या अक्षांशावर जातं. रेखांशाचंही तसंच झालं तर ठिपका भर अरबी समुद्रात.

हे आमच्याच गटात घडलं. हरिश्चंद्रगडाच्या खाली धुक्यात दोघं मागे राहिले, एकाचा घोटा मुरगळला होता. त्याला एका खडकावर मोबाइलची एक कांडी मिळाली. त्याने यंत्रावरचे आकडे वाचून दाखवले, "एकोणीस, तेवीस चार सहा, त्र्याहत्तर, सेहेचाळीस वीस." खाली गावात बसलेल्या आमच्यापैकी एकाने ते १९.२३४६ आणि ७३.४६२० असे मोबाइलमध्ये टाकले. ठिपका मुरबाडजवळ पडला, खऱ्या जागेपासून सदतीस किलोमीटर दूर. "हे शक्यच नाही" म्हणून आम्ही परत फोन लावला, तो लागला नाही. अर्धा तास कागदावर आकडे उलटसुलट मांडल्यावर कुणाला तरी सुचलं की तो मिनिटं वाचत होता. १९° २३.४६′ म्हणजे १९.३९१०, आणि ठिपका बरोबर गडाच्या अंगाला आला. त्या अर्ध्या तासात अंधार पडला. दोघं सुखरूप आले, पण तो अर्धा तास मला अजून आठवतो.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. निघण्याआधी सगळ्यांची यंत्रं दशांश तऱ्हेवर आणायची. सांगताना "अंश", "पॉइंट", "उत्तर", "पूर्व" हे शब्द तोंडाने उच्चारायचे. एकेक आकडा सुटा सांगायचा, "तेवीस" असं नाही तर "दोन, तीन" असं. मराठीत "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" फोनवर सारखेच ऐकू येतात. ऐकणाऱ्याने सगळं परत वाचून दाखवायचं. आणि महाराष्ट्रात कुठेही अक्षांश साधारण १५ ते २२ च्या मध्ये आणि रेखांश ७२ ते ८१ च्या मध्येच यायला हवा; त्याबाहेर काही आलं तर आकडे उलटे किंवा चुकीचे लिहिले गेले आहेत.

दशांशानंतर किती आकडे द्यायचे, हाही प्रश्न येतो. पाचवा आकडा एका मीटरच्या आसपासचा, चौथा अकरा मीटरचा, तिसरा शंभरचा. कड्याजवळ तीनच आकडे दिले तर कड्याचा माथा आणि पाया यांतला फरक पुसला जातो, आणि तिथे मदत पोचायला तासांचा फरक पडू शकतो. पाच द्या. सहावा-सातवा आकडा मिळाला तरी त्याला अर्थ नाही.

ट्रेकवरून जागा कळवायची सर्वांत खात्रीची वाट कोणती?

साधा एसएमएस. व्हॉट्सअ‍ॅपच्या लाइव्ह लोकेशनला सतत डेटा लागतो. एका कांडीवर तो अडकून पडतो, आणि समोरच्याच्या स्क्रीनवर मात्र तासाभरापूर्वीचा ठिपका ताजा असल्यासारखा दिसत राहतो. एसएमएस काही क्षणांच्या नेटवर्कवरही निघून जातो. त्यात आकडे, वेळ, किती जण, काय झालं आणि बॅटरी किती उरली एवढं लिहा. उदाहरणार्थ: "१९.३९१०० उ ७३.७७००० पू, ४.४० वा, २ जण, एकाचा घोटा मुरगळला, चालता येत नाही, बॅटरी ३०, इथेच थांबतो." शेवटचे दोन शब्द विसरू नका. जागा कळवून नंतर हलणाऱ्या माणसाला शोधणं फार अवघड जातं.

तातडीच्या वेळी ११२. तिथे फोन केला तरी आकडे तोंडी सांगण्याची तयारी ठेवा, आणि सोबत पायथ्याच्या गावाचं नाव, तालुका, कोणत्या वाटेने चढलात हेही सांगा. मदतीला जी गावकरी मंडळी येतात ती वाटेच्या नावाने येतात.

नेटवर्क नसेलच तर?

आमच्या गटात दोघांकडे छोटे मेश रेडिओ आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मर्यादित ताकदीचे रेडिओ परवान्याशिवाय वापरता येतात. मोबाइलला जोडले की प्रत्येकाची जागा आणि छोटे संदेश एकमेकांना जातात, एक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. पठारावर उत्तम, सोंडेआड गेलं की मुकं. डोंगररांगेतून पार मुंबईपर्यंत निरोप जाईल ही आशा धरू नका.

हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांकडे, एपीआरएस नावाची सोय आहे. हातातल्या सेटमधून आपली जागा छोट्या पाकिटासारखी हवेत सोडायची, आसपासच्या केंद्राने ऐकली की ती पुढे जाते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असं केंद्र असतं. पण हॅमसाठी परीक्षा द्यावी लागते आणि दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो. ज्यांना या विषयाची गोडी लागली आहे त्यांनी जरूर द्यावी.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाहीत. अशी यंत्रं सामानात सापडल्याने परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडवल्याची उदाहरणं आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने भेट म्हणून आणलेलं असं यंत्र खिशात टाकून निघू नका. नुसतं ऐकणाऱ्या जीपीएसला असं बंधन नाही.

बोटीवर काय वेगळं असतं?

नाखव्यांचा पहिला प्रश्न असतो व्हीएचएफ सेटच्या (बोटीवरच्या बोलण्याच्या रेडिओच्या) लाल बटणाचा. झाकण उचलून बटण दाबून धरलं की चॅनेल ७० वर संकटाचा डिजिटल संदेश जातो. त्यात बोटीचा नऊ आकडी क्रमांक असतो. भारतीय क्रमांक ४१९ ने सुरू होतो. जागा मात्र त्यात तेव्हाच जाते जेव्हा सेटला जीपीएस जोडलेला असतो, आतला किंवा वायरने बाहेरचा. एका नाखव्याने धक्क्यावर सेट चालू केला तेव्हा जागेच्या ओळीत नुसत्या आडव्या रेघा होत्या. वायर खाऱ्या हवेने हिरवी पडून तुटली होती आणि किती महिने तशी होती कोणालाच माहीत नव्हतं. बंदर सोडण्याआधी त्या ओळीत आकडे दिसतात का आणि ते बदलतात का, एवढं बघा. बटण न दाबताच कळतं.

दुसरं यंत्र डॅट, इस्रोने मच्छीमारांसाठी केलेलं, २०१० पासून वापरात. बटण दाबलं की जागेसह संकटसंदेश उपग्रहामार्गे तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. पहिल्या पिढीच्या डॅटमध्ये संदेश पोचला की नाही हे बोटीवर कळत नसे. भर समुद्रात ही अनिश्चितता काय असते ते खलाशांनाच विचारा. नव्या पिढीच्या डॅटवर पोच येते. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर (निरोप घेणारी-देणारी यंत्रं) बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली, तंत्र इस्रोचंच. त्यातून दोन्ही बाजूंनी निरोप जातात. किनाऱ्याजवळ मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

ट्रेकचा ट्रॅक दुसऱ्याला द्यायचा कसा? आणि द्यावा का?

ट्रॅक म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद. तिची जीपीएक्स प्रकारची फाइल करून पाठवा, जवळजवळ प्रत्येक यंत्र ती वाचतं. देण्याआधी दोन गोष्टी करा. सुरुवातीचा तुमच्या इमारतीपासूनचा भाग कापा, नाहीतर घरचा पत्ता फाइलबरोबर जातो. आणि तुम्ही जिथे वाट चुकून परत फिरलात ते तुकडे काढून टाका, नाहीतर पुढचा गट तुमची चूक जशीच्या तशी चालेल. फोटोतही जागा लपलेली असते. पक्ष्याच्या घरट्याचा किंवा दुर्मिळ फुलाचा फोटो टाकताना ती काढून टाका.

माझ्या जुन्या यंत्रात तारीख वीस वर्षं मागची दिसते. जागा तरी बरोबर असेल का?

बहुधा असेल. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या यंत्राला ते कळलं नाही तर तारीख १०२४ आठवडे मागे जाते. मोकळ्या मैदानात ओळखीच्या जागेशी ताडून पाहा. जुळलं तर वापरा, फक्त ट्रॅकवरच्या तारखांवर विश्वास ठेवू नका.

पावसात बॅटरी पुरवायची कशी?

मोबाइल फ्लाइट मोडवर, स्क्रीन बंद, प्लास्टिकच्या पिशवीत आणि अंगाजवळच्या खिशात. जंगलात नेटवर्क शोधत राहणं हेच बॅटरी खाणारं सर्वांत मोठं काम आहे, जीपीएस त्यामानाने कमी खातो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रासाठी सेलची एक जोडी सुटी न ठेवता चिकटपट्टीने बांधून न्या. ओल्या हातांनी अंधारात सेल पडला की चिखलात सापडत नाही. आणि ठरलेल्या वेळी, समजा दर दोन तासांनी, उंचवट्यावर आलात की पाच मिनिटं फ्लाइट मोड काढून आपल्या जागेचा एसएमएस मुंबईतल्या एका माणसाला पाठवा. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा.